न बघितलेली प्लेट

शेतात रोपाच्या मुठी बांधायला लागल्या की माझ्या पोटात दुखायला लागतं. खाण्यापिण्यातलं दुखणं नव्हे. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून जे दुखतं, ते. पूर्वी असं नव्हतं. लावणी म्हणजे माझ्या आवडीचे दिवस होते. चिखलाचा वास, उपटलेल्या रोपांच्या मुळांचा ओला गार वास, बांधावर आणून ठेवलेली भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा, विसापूरचा किल्ला दिवसदिवस ढगात बुडालेला. आताही सगळं तसंच आहे. मीच तशी राहिले नाही. गेल्या वर्षीच्या लावणीत मी एका मुलीवर इतकी जळले, इतकी जळले, की त्या जळण्यातून जे उगवलं त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळपासून खाचरात उभी आहे. मळवलीला आमची भाताची चार खाचरं, स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर. पलीकडच्या रस्त्यावर लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांची रांग लागलीय. त्यातले दोघं-तिघं उतरून आमचे फोटो काढताहेत. काकू त्यांच्याकडे बघतही नाही. काकू म्हणजे माझी चुलती, पासष्टीची, कंबरेत वाकली की जेवणापर्यंत वर न येणारी. अंगावर प्लास्टिकची खोळ, डाव्या हातात रोपाची मूठ, आणि उजवा हात चिखलात जातोय, येतोय, जातोय. तिची ओळ सुतात असते. माझी बघायला नको.

हाताचंच म्हणाल तर माझ्याही हाताला एके काळी नाव होतं.

अकरा वर्षं मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पेशी वाढवायचं काम केलं. सकाळच्या लोकलने जायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे, मोजे चढवायचे आणि काचेच्या आड बसून प्लास्टिकच्या प्लेटांमध्ये माणसाच्या पेशी जगवायच्या. कुणाच्या पेशी मरायला लागल्या की ती प्लेट माझ्याकडे यायची. ‘ताईंकडे द्या, ताईंच्या हाताला गुण आहे,’ असं म्हणायचे सगळे. मी वरवर ‘छे हो’ म्हणायचे आणि आतून फुगायचे. डॉक्टरेट नव्हती माझ्याकडे. तो हात होता.

मग हृदयाचा प्रकल्प आला. तिथं काय चालतं ते काकूला मी एकदा सांगितलं होतं. माणसाच्या कातडीतली पेशी घ्यायची आणि तिला मागे मागे नेत इतकी लहान करायची, की आपण कातडी होतो हेच ती विसरून जावी. अशी पेशी मग काहीही होऊ शकते, मज्जा, यकृत, हाड. आम्हाला ती हृदयाचं मांस व्हायला हवी होती. ते झालं हे कळतं कसं, तर प्लेटमध्ये ती आपली आपण धडधडायला लागते. कुणी न सांगता, नवव्या-दहाव्या दिवशी.

पण ती काय होणार हे तिच्या आत जेवढं असतं तेवढंच तिच्या भोवती असतं. खाली अंथरलेली जेली किती मऊ आहे, शेजारणी किती दाट बसल्यात, पहिलं औषध कधी घातलं, त्याला आवर घालणारं दुसरं कधी घातलं. विरळ पेरली तर बिचकते आणि मरते, फार दाट पेरली तर गोळा होऊन भलतंच काहीतरी बनते. आणि पहिले सात दिवस तिच्या खाण्यात इन्सुलिन घालायचं नाही. एरवी पेशी ज्यावर बाळसं धरतात ते नेमकं या दिवसांत दिलं की हृदय व्हायचं राहूनच जातं.

काकूने हे ऐकून घेतलं. पानाला चुना लावत म्हणाली, “म्हंजी राबच की. आदी भाजायचं, मग पेरायचं. लाड केलं की रोप नुसतं वाढतं. जाग्यावर टिकत न्हाई.” आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी ती जागा पालापाचोळा, शेण आणि गवत घालून भाजून काढतात, त्याला राब म्हणतात. मी हसले होते. संस्थेत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलंही होतं, आमच्या काकूला एका वाक्यात कळलं म्हणून.

मला मात्र कळलं नव्हतं. आठ महिने माझी एकही प्लेट धडधडली नाही.

आणि केतकीची धडधडली. ही सांगलीकडची सव्वीस वर्षांची मुलगी, डॉक्टरेट करायला आलेली. अकराला उगवायची, कानात गाणी, डब्याचं झाकण टेबलावर, पेन दुसऱ्याचं. पिपेट धरायला मी तिला शिकवलं. होय, मीच. पहिल्या आठवड्यात तिचा हात इतका थरथरायचा की मी मागे उभं राहून तिचं मनगट धरलं होतं. आणि त्याच हाताची तिसरी प्लेट नवव्या दिवशी टकटक करायला लागली. अख्खी संस्था बघायला जमली. मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तिच्या खांद्यावर हात ठेवला. पेढे आले. मीही एक घेतला आणि तोंड भरून ‘अभिनंदन गं’ म्हटलं. त्या पेढ्याची चव मला आजही जिभेवर आठवते, आणि ती गोड नाही.

मत्सर हा फार बारकाईने बघणारा प्राणी आहे. तिने कोणते बूट घातले, मॅडम तिला काय म्हणाल्या, चहाला कोण तिच्याबरोबर उतरलं, सगळं मला पाठ असायचं. तिची वही मी चोरून वाचली. तीनदा. तीच जेली, तेच औषध, तेच तास, एकाच कुपीतून काढलेल्या पेशी. माझ्या वहीत जे होतं तेच तिच्या वहीत. मग हिचं का धडधडतं आणि माझं का नाही? मॅडमनाही तेच हवं होतं. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, “दिवाळीनंतर या कामावर एकीलाच ठेवता येणार आहे. मला नुसती धडधड नको. ती दर वेळी का होते, हे जी सांगेल तिच्याकडे काम जाईल.” केतकीचं तीनातून दोनदा जमायचं आणि का जमतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. म्हणजे वाट अजून मोकळी होती. मी लोकलमध्ये खिडकीशी बसून तळेगावपर्यंत हाच विचार करायचे आणि तळेगावनंतरही हाच.

आषाढात लावणी आली. मी रजा मागायला गेले तर केतकीने आदल्या दिवशीच मागितलेली. तिच्या बहिणीचं बाळंतपण होतं. दोघींना एकदम रजा नव्हती. मला मिळाला फक्त रविवार. वर ती हसत हसत आली आणि म्हणाली, “ताई, सोमवारी मी प्लेट लावलीय. तिचं खाणं तेवढं बदलाल? तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी. मी चिठ्ठी लिहून ठेवलीय.” मी म्हटलं, “बदलते की. त्यात काय.”

त्यात काय होतं ते माझं मला ठाऊक. माझीही प्लेट त्याच सोमवारी लागली होती, त्याच कुपीतून. इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशींच्या त्या उबदार कपाटात, दोघींच्या प्लेटा एकीखाली एक. तिची वरच्या फळीवर.

खोटं बोलत नाही, वाईट विचार आला. इन्सुलिनची बाटली आणि बिनइन्सुलिनची बाटली शेजारी शेजारी असतात, दोन्ही सारख्याच गुलाबी. हात दोन इंच डावीकडे गेला असता की काम झालं असतं, आणि जगात कुणालाही कळलं नसतं. मी त्या दोन बाटल्यांसमोर बराच वेळ उभी होते. मग बरोबरचीच उचलली. फार थोर आहे म्हणून नव्हे. अकरा वर्षांत या हाताने चुकीची बाटली उचललेली नव्हती, तो उचलेचना. पण मनाशी एक ठरवलं. चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच करायचं, त्याच्यापुढे काडीचंही नाही. मरायला लागली तर मरू दे. तिची प्लेट मायक्रोस्कोपखाली नेऊन बघणारसुद्धा नाही. मी काय तिची मोलकरीण आहे?

तसंच केलं. तिसऱ्या दिवशी खाणं बदललं, फळीवर ठेवली, दार लावलं. पाचव्या दिवशी तेच. मधल्या दिवसांत मी त्या प्लेटकडे पाहिलंही नाही. माझ्या प्लेटची मात्र सकाळ-संध्याकाळ विचारपूस. बाहेर काढायची, मायक्रोस्कोपखाली धरायची, मेलेल्या पेशींचा कचरा तरंगताना दिसला की हळूच धुवायचा, ताजं खाणं घालायचं. अकरा वर्षांची सवय ती. ज्या पेशींवर माझा हात बसला होता त्यांना स्वच्छता लागायची. मेलेलं काढलं की उरलेल्या जोमाने वाढायच्या, माझं नावच त्यावर झालं होतं. हे धुणं मी वहीत कधी लिहिलं नाही. घर झाडल्याचं कुणी लिहून ठेवतं का?

रविवारी मी इथं होते, याच खाचरात. मन तिकडं त्या कपाटात. काकूच्या शेजारी ओळ धरली होती मी, पण दर चार पावलांवर मागे वळून बघायचे. कुठलं रोप कललं, कुठलं तरंगतंय. दिसलं की मागे जायचं, वर काढायचं, पुन्हा खोचायचं. शिवाय भीतीपोटी एकेका चुडात, म्हणजे एका जागी खोचायच्या जुडीत, सहा-सहा, सात-सात रोपं, जाड जाड. काकूने दोनदा दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा कंबर सरळ केली, म्हणजे भलतंच रागावली असणार.

“आगं, काय लावलंयस हे? चुडात दोन-तीन बास झाली. एवढी कोंबल्यावर फुटवं कुटनं यायचं? आन् सारकी हालवू नगंस त्येला!”

“अगं पण ते आडवं झालंय, काकू.”

“व्हऊ दी. त्येचं त्ये उभं ऱ्हाईल. मुळी धरायच्या टायमाला तू उपटतीस आन् म्हन्तीस जगंना झालंय.”

“आणि पिवळं पडलं तर?”

“पडतंच. आठ दिस पिवळंच दिसतंय. पिवळं पडलं म्हंजी मेलं न्हाई. लावनी झाली की आठ दिस मी हिकडं फिरकत सुदीक न्हाई. बगितलं की हात जातोच मानसाचा.”

मी ऐकलं आणि सोडून दिलं. शेतीतलं मला शिकवते म्हणून थोडा रागही आला. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुताना पुन्हा डोक्यात तेच, केतकीची प्लेट मेली असेल का. मेली असू दे, असं वाटलं. लगेच वाटलं, नको. मग पुन्हा वाटलं, असू दे.

सोमवारी सातव्या दिवसाचं खाणं घातलं, आता इन्सुलिनचं. बुधवारी केतकी परतली, हातात बहिणीला मुलगी झाली म्हणून बर्फीचे खोके. बॅग न उतरवता तिने प्लेट काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि किंचाळली. मी धावले. प्लेटच्या सहाच्या सहा खळग्यांत धडधड. इतकं मी कधीच पाहिलं नव्हतं. कडेपासून कडेपर्यंत सगळा थर एका तालात आवळत होता आणि सैल होत होता, अगदी नेमाने. खालच्या फळीवरची माझी प्लेट काढून पाहिली. स्वच्छ, सुंदर आणि ढिम्म.

केतकीने मला मिठी मारली. “ताई, हे तुमच्या हाताचं आहे! माझ्याच्याने सहाच्या सहा कधी झाले नाहीत. काय केलंत हो?”

“काही नाही,” मी म्हटलं. ते अक्षरशः खरं होतं.

त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये कामशेत गेलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकच कुपी, एकच हात, एकच आठवडा. फरक एवढाच, की एकीवर माझी माया होती आणि दुसरीवर नव्हती. माया जिच्यावर, तिला मी दिवसातून दोनदा उबेतून गारठ्यात काढत होते, मुळी धरायच्या वेळी धूत होते. त्या पेशी आपल्या भोवतीच्या पाण्यात स्वतःच काहीबाही सोडतात, त्या निरोपावर शेजारणी ठरवतात आपण काय व्हायचं ते. ते निरोपाचं पाणी मी रोज ओतून टाकत होते. आठ महिने. आणि केतकी? ती आळशी होती. तीनातल्या ज्या एका वेळी तिचं फसलं, तेव्हा तिने मला विचारून, माझ्यासारखी प्लेट धुतली असणार. मळवलीला उतरताना मला रडू आलं. शोध लागल्याचा आनंद म्हणाल तर थोडा होता. बाकी सगळा संताप.

आता गंमत अशी, की हे जगात मला एकटीला ठाऊक होतं. मी गप्प बसले. नवी प्लेट लावली, दार लावलं आणि हात मागे बांधून बसले. पाच दिवस न बघणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. त्या कपाटासमोरून जाताना मी मान फिरवून घ्यायचे. नवव्या दिवशी पाहिलं तर माझी धडधडत होती. माझी! पुन्हा लावली, पुन्हा धडधडली. तिसऱ्यांदाही. आता फक्त मॅडमकडे जायचं आणि कारण सांगायचं राहिलं होतं.

कारण सांगायचं म्हणजे वही भरायची. आमच्या वहीत शेवटी एक रकाना असतो, परिस्थिती. पेशींच्या भोवती काय काय होतं ते सगळं त्यात लिहायचं. मी केतकीच्या त्या आठवड्याची नोंद करायला बसले. ‘तिसरा ते सातवा दिवस, ठरलेल्या वेळांखेरीज प्लेट हलवली नाही, पाहिली नाही.’ इथवर छान. त्यापुढे मॅडम विचारणार, का पाहिली नाही? तुम्ही तर प्रत्येक प्लेट पाहता. आणि माझ्या स्वतःच्या प्लेटची नोंद? ‘रोज दोनदा धुतली.’ हे आठ महिने वहीत नव्हतं. लिहिलं तर आठ महिन्यांचं अपयश कुणाचं ते उघडं. नाही लिहिलं तर कारण अर्धंच. ‘सहज सुचलं’ असंही लिहिता आलं असतं. कोण विचारणार होतं? ती गुलाबी बाटली पुन्हा दोन इंचांवर होती.

हात पुन्हा उचलेना. मी सगळं लिहिलं. धुणं लिहिलं, आठ महिने लिहिले. आणि न बघण्याच्या कारणापुढे लिहिलं, ‘केतकीचा हेवा वाटत होता म्हणून.’

मॅडमनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाल्या, “इतका प्रामाणिक रकाना मी पाहिला नाही.” मग वही मिटून म्हणाल्या, “पण ताई, आठ महिने तुम्ही वहीबाहेरचं काही करत होता. मी उद्या कशावर विश्वास ठेवू?” त्यांचं चूक नव्हतं. तेच तर फार लागलं. दिवाळीनंतर काम केतकीकडे गेलं. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरलेले. “ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर...” मी म्हटलं, “ते राहू दे. डब्याचं झाकण तेवढं टेबलावर टाकू नकोस.”

आता मी घोरावाडीजवळ एका नर्सरीत फुलांची रोपं बाटलीत वाढवते. काम चांगलं आहे. जरबेराची बारकी पानं काचेतून दिसली की बरं वाटतं. पण जरबेरा धडधडत नाही.

मघाशी, जेवणाच्या थोडं आधी, माझ्या रेनकोटच्या खिशात फोन वाजला. केतकीचा व्हिडिओ. चिखलाचे हात साडीला पुसून मी तो उघडला. सहा खळगे, सहाही चालू. मग कॅमेरा वर गेला, तिने इन्क्युबेटरच्या दारावर चिकटवलेला कागद दाखवला. तिच्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं, ‘तिसरा ते सातवा दिवस उगाच दार उघडू नये. ताईंचा नियम.’ मागून नव्या मुलींचं हसणं ऐकू आलं. एकीने विचारलं, ‘या ताई कोण?’ आणि व्हिडिओ संपला.

“काय हाय त्ये?” काकूने वाकूनच विचारलं.

“माणसाच्या काळजाचं मांस. आपलं आपण हलतंय, बघ.”

काकू उभी राहिली, पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ बघत राहिली. “लय झ्याक. तुजं हाय?”

मला हो म्हणायचं होतं. नाहीही म्हणायचं होतं. नियम माझा, कागद तिचा. पोटात ते नेहमीचं दुखणं असं काही उसळलं, की वर्ष झालंय हे खरंच वाटेना. “त्या केतकीचं आहे,” मी म्हटलं.

काकूने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळतं, उगाच नाही पासष्ट वर्षं काढली. “ठिव आता त्यो फोन,” ती म्हणाली. “सारकं बगू नगंस. आठ दिस गेल्यावर बग.”

मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, खिशात खोल सारला आणि ओळ धरली. चुडात दोन रोपं, फार तर तीन. मागे वळून बघायचं नाही. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी निम्मी झाली तेव्हा काकूची पाठ माझ्याकडे होती. मी पिशवीची गाठ दाताने सोडली.